हर्षदीप गारू कामावर आहेत

ही हकीकत कोणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाजारहत्नूरच्या बैलाने ग्रामसभेत मत दिले, ती माझी गोष्ट तुम्ही मानलीत. ही मानणार नाही. गुडीहत्नूरला हायवेलगतच्या टपरीवर रविवारी मी हीच हकीकत सांगितली, तेव्हा गावातले बाप्ये चहा थंड करून ऐकत बसले होते. आमच्या शेजारची रंजीता दुधाची पिशवी घ्यायला आली होती, तीही कडेवर पोर घेऊन उभी राहिली.

तर आमच्याच गल्लीतली अर्पिता. शिकलेली सून. नवरा अनुप कचेरीत कारकून, सासू बयनाबाई, पदरी चार वर्षांची सपना आणि पाच महिन्यांचा हर्षदीप. अर्पिताने हैदराबादच्या एका कंपनीचे काम घरबसल्या धरले. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांची माहितीपत्रके तेलुगूतून मराठीत करायची. अशा कामाला फ्रीलान्स म्हणतात. म्हणजे मनात येईल तेव्हा काम करायचे. फक्त ते मन कंपनीचे असते.

कंपनीने तिच्या लॅपटॉपमध्ये एक अदृश्य पहारेकरी बसवला होता. माउस हलला की बाई कामावर, थांबला की बाई झोपली. आता भाषांतराची अडचण अशी, की नेमका शब्द सुचायला माणसाला थांबावे लागते. ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करा’ हे सुचेपर्यंत अर्पिता भिंतीकडे पाहत बसली आणि हैदराबादहून ताकीद आली: ‘आपण कामाच्या वेळेत विचार करताना आढळून आलात. पुन्हा असे घडल्यास काम काढून घेण्यात येईल.’

इकडे हर्षदीपचा कायदाही तितकाच कडक. लुगड्याची झोळी थांबली की भोंगा सुरू. एकाला माउस हलता हवा, दुसऱ्याला झोळी हलती हवी, आणि हलवणारी एकटीच. तेव्हा अर्पिताने झोळीची दोरी घेतली आणि सरळ माउसला बांधली. झोळी तिकडे गेली की माउस तिकडे, इकडे आली की माउस इकडे. सपना खेळता खेळता झोका देई. लेकरू झोपले, कंपनीला बाई जागी दिसली, आणि अर्पिताला विचार करायची मोकळीक मिळाली.

“काय करून राह्यली व तू?” बयनाबाईंनी विचारले.

“काम करून राह्यली, आत्याबाई.”

“थे तं लेकरू करून राह्यलं.”

म्हातारी सहज बोलून गेली. कंपनीही हळूहळू त्याच निष्कर्षाला आली.

झाले असे, की अर्पिताच्या माउसची धाव कंपनीच्या साऱ्या माणसांत पहिली आली. तिचा गौरव करायला राजकुमार नावाचे मोठे साहेब पडद्यावर अवतरले. त्यांना दिसली झोळी, दोरी आणि दोरीला बांधलेला माउस. साहेबांचे तेलुगू मी मराठीत देतो; फक्त ‘गारू’, म्हणजे आपले ‘राव’, तेवढे तसेच ठेवतो.

“हा माउस कोण हलवतंय?”

अर्पिताला वाटले, गेले काम. “चुकलं साहेब. माहं लेकरू हाय थे.”

“चूक कसली? नियम स्पष्ट आहे. जो माउस हलवतो तो काम करतो. हर्षदीप गारूंचे अभिनंदन.”

“अवो साहेब, पाच महिन्याचं हाय थे.”

“आम्हाला नवीनच माणूस हवा होता.”

“पन इतक्या लहान लेकराले कामावर ठेवनं गुन्हा हाय ना?”

“कामावर कोण ठेवतंय? आमच्याकडे कामगार नाहीतच, सगळे भागीदार आहेत. भागीदाराला वय नसते, रजा नसते आणि तक्रार तर मुळीच नसते.”

अशा रीतीने हर्षदीप गारू रुजू झाले. ते बैठकांना हजर राहू लागले. इतर साहेबांसारखेच तेही बैठकीत काही बोलत नसत, त्यामुळे कोणाला वेगळे वाटले नाही. ते अंगठा चोखू लागले की मंडळी म्हणत, गारू विचारात आहेत. त्यांना विचार करण्याची परवानगी होती, कारण तेवढ्यातही माउस हलत असे. एकदा त्यांनी भर बैठकीत उलटी केली, तेव्हा पंख्याचे नवे माहितीपत्रक एकमताने फेटाळण्यात आले. लवकरच ते मराठी विभागाचे प्रमुख झाले आणि अर्पिताची भाषांतरे त्यांच्या मंजुरीसाठी झोळीत जाऊ लागली. एक-दोन त्यांनी चघळून परत पाठवली.

इथवर ठीक होते. मग कंपनीने प्रमुखांच्या कामाची जागा तपासली आणि हुकूम काढला: ‘आपल्या घरातील एक स्त्री आपणांस कामाच्या वेळेत वारंवार उचलून नेते, गाणी म्हणते, अंगावर घेऊन बसते. त्या अवधीत माउस बंद राहतो. सदर स्त्रीस दुसऱ्या खोलीत ठेवण्याची व्यवस्था करावी.’

अर्पिता पडद्यापुढे जाऊन बसली. “साहेब, दूध कोन पाजंन त्याले?”

“बाई, घरची कामं ऑफिसात आणू नका,” साहेब म्हणाले. “आणि आपण कोण?”

व्यवस्था बयनाबाईंनी पाहिली. नातवाचे पद जाईल या धाकाने त्या काठी घेऊन खोलीच्या दारात बसल्या. रविवार होता, पण भागीदाराला रविवार नसतो. आत हर्षदीप उठला. भूक लागली म्हणून पाय झाडू लागला, तशी झोळी जोरात, माउस त्याहून जोरात. हैदराबादेत टाळ्या पडल्या.

“आत्याबाई, सरा ना. भुकेजलं लेकरू.”

“माह्या जिवाले लागत नाई का व? पन कामावर हाय थो. साहेबाले काय सांगू?”

रडणे वाढले. अर्पिताचा पान्हा फुटून पदर भिजला. लेकरू दाराच्या पलीकडे, माय अलीकडे, मधे काठी.

टपरीवर कोणी घोट घेईना. मी गोष्ट पुढे नेली.

अंगणात खुर्चीवर अनुप मोबाइल पाहत बसला होता. त्याच्या कानावर ते रडणे पडले. कोणी हाक मारली नाही, कोणी सांगितले नाही. त्याने मोबाइल बाजूला ठेवला, उठला, मायच्या हातची काठी घेऊन कोपऱ्यात टाकली, दोरी सोडली, लेकराची ओली दुपटी बदलली आणि त्याला अर्पिताच्या मांडीवर देत म्हणाला, “पाजून घे. मंग तू कामाले बस, दोन्ही लेकरं मी पाहतो.” आणि त्याने ती संध्याकाळपर्यंत पाहिली.

“आबाजी, थांबा,” रंजीता म्हणाली. “आता खोटं बोलले तुमी.”

“कुठं व? माउस हलला, थे?”

“थे खरं.”

“लेकरू साहेब झालं, थे?”

“थेबी खरं असंन. मावशी काठी घिऊन बसली, थे तं खरंच खरं. पन अनुपभाऊ कोनी न सांगता सोताहून उठले?”

मी साक्षीसाठी बाप्यांकडे पाहिले. कोणी रस्त्याकडे पाहत होता, कोणी ग्लासात.

“त्यायले काय पाह्यता, आबाजी,” पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत रंजीता म्हणाली. “त्यायची लेकरं आत्ता कोनापाशी हायेत, थे इचारा.”