गद्रे कंडक्टर आणि त्यांचे ड्रायव्हर

गद्र्यांबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. आमच्या वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "पाटणकर, तुमच्या त्या गद्र्यांवर लिहा की, काय भन्नाट माणूस." मी हसून दुसऱ्याच कुणावर तरी लिहायचो. कारण गद्र्यांची गोष्ट सांगायची म्हणजे शेवटी माझ्यापर्यंत यावं लागतं, आणि तिथे मला यायचं नव्हतं.

तर, गद्रे. आमच्या शेजारच्या घरात त्यांची मुलगी मुग्धा राहायची आणि तिच्याकडे हे नवराबायको. गद्रे आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन परदेशात आले, पण अंगातली एसटी काही उतरली नाही. घरात जेवायला बसताना "चला, पुढे सरका" म्हणायचे. पाहुणे उठायला लागले की "उतरणारे आधी". ट्रेनने वेलिंग्टनला निघाले की डब्यातल्या गार्डकडे असं बघायचे, जणू तो कालच खात्यात लागलेला पोरगा आहे.

या माणसाने एक दिवस जुनी कॅरॅव्हॅन विकत आणली. म्हणजे चाकांवरची खोली, गाडीच्या मागे जोडून न्यायची. डोंगरापलीकडच्या एका फार्मवर ती कित्येक वर्षं पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. बाहेरचा पत्रा बरा होता. आतलं लाकूड पाणी मुरून मुरून इतकं कुजलं होतं, की मी पहिल्यांदा दारातून आत पाय टाकला तो थेट खालच्या हिरवळीवर. जमीनच नव्हती. छपराला मात्र एक नवीकोरी दोरी होती आणि दोरीच्या टोकाला पितळी घंटा.

"आधी बेल?" मी विचारलं.

"मग काय आधी?" गद्रे म्हणाले. "बेल नसेल तर गाडी सुटणार कशी?"

एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. हा नियम त्यांनी मला त्या हिरवळीवर उभं करून शिकवला. मुग्धाची मुलगी दारातून डोकावून म्हणाली, "आजोबा, देअर्स नो फ्लोअर." गद्रे म्हणाले, "खिडकीतून हात बाहेर काढू नको."

पुढचं वर्षभर नवराबायको त्या कॅरॅव्हॅनला भिडले. मला वाटलं होतं, गद्रे काम करतील आणि कुंदावहिनी चहा देतील. झालं उलटंच. वहिनींनी पत्र्यावरचा रंग खरवडला. हिरव्याखाली क्रीम निघाला, क्रीमखाली निळा. त्या निळ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "हाच तिचा खरा." लाकडाचा सांगाडा नवा करताना माप त्या घ्यायच्या, करवत त्या धरायच्या. गद्रे शेजारी उभे राहून सूचना करायचे. सगळ्यात मन लावून त्यांनी एकच काम केलं. आत दोन बाकं बसवली होती. एकावर त्यांनी लाल रंगात लिहिलं, 'स्त्रियांसाठी राखीव'. दुसऱ्यावर 'आमदारांसाठी'.

"पण मी बसू कुठे?" मी विचारलं.

"आमदार आले की उठायचं," गद्रे म्हणाले.

ही कॅरॅव्हॅन चालवणार कोण, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की गद्रे. तर गद्र्यांना गाडी येतच नव्हती. मी शिका म्हटलं तेव्हा त्यांना माझी कीव आली. "पाटणकर, कंडक्टरने स्टिअरिंगला हात लावायचा नसतो."

चालवायच्या कुंदावहिनी. इथे आल्यावर, साठी ओलांडल्यावर त्या गाडी शिकल्या होत्या आणि उत्तम शिकल्या होत्या. मंडळातल्या निम्म्या बायकांना देवळात, दवाखान्यात, समुद्रावर त्याच न्यायच्या. एरवी गद्रे त्यांना 'कुंदा' म्हणत. ज्या दिवशी त्यांना लायसन्स मिळालं, त्या दिवसापासून त्या 'आमचे ड्रायव्हर' झाल्या. तेही आदरार्थी. "आमचे ड्रायव्हर चहा घेतायत, थांबा जरा." "ड्रायव्हर साहेबांना विचारतो." वहिनी वैतागल्यासारखं करायच्या. पण मी एकदा पाहिलं, एकट्याच पडदे शिवत बसल्या होत्या आणि पुटपुटल्या, "ड्रायव्हर साहेब म्हणे." आणि हसल्या.

त्यांचं ठरलं होतं. वॉरंट मिळालं की समुद्राकाठी जायचं आणि एक रात्र स्वतःच्या घरात झोपायचं. "मुग्धाचं घर आमचंच आहे हो," वहिनी मला एकदा म्हणाल्या, "पण डबा कुठल्या फळीवर ठेवायचा ते विचारावं लागतं." कॅरॅव्हॅनमध्ये चार फळ्या होत्या आणि चारही त्यांच्या.

वॉरंट म्हणजे इथे गाडी धडधाकट असल्याचा दाखला. तो मिळाला त्या दिवशी गद्रे पेढे घेऊन आले. "आपल्याकडे वॉरंट निघालं की माणूस गाव सोडून पळतो. इथे वॉरंट मिळालं की गावाला जातो. तोंड गोड करा."

निघायच्या सकाळी मी हजर होतो. कॅरॅव्हॅन घराशेजारच्या अरुंद वाटेत होती. ती गाडीला जोडून मागे मागे रस्त्यावर काढायची होती. मधे कॅरॅव्हॅन आल्यामुळे वहिनींना मागचं काहीच दिसत नव्हतं. गद्र्यांची त्यावर तयारी होती. बेलची दोरी त्यांनी कॅरॅव्हॅनच्या मागच्या खिडकीपासून पुढे गाडीत नेली होती. घंटा आता वहिनींच्या कानाशी. थंडी होती म्हणून काचा बंद, त्यामुळे ती बाहेर कुणाला ऐकू येत नव्हती. मागच्या खिडकीत एक माणूस उभा राहणार, तो रस्ता बघून बेल देणार.

"बेल आज तुमच्याकडे, पाटणकर," गद्रे म्हणाले. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली ती एखादी शाल पांघरावी तशी. मग वहिनींना खिडकीतून म्हणाले, "ड्रायव्हर, तुम्ही आरशात बघू नका, घाबराल. बेल ऐका. बेल खोटं बोलत नाही."

आणि स्वतः लाल नॅपकिन घेऊन जरा पुढे जाऊन रस्त्याच्या मध्यावर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, गाड्या अडवायला. त्या रस्त्यावरून सकाळी फार तर एखादं मांजर जातं.

मी दोन बेल दिल्या. कॅरॅव्हॅन हलली. छान मागे येत होती. रस्त्यावर आली. समोरच्या फुटपाथवर दिव्याचा खांब होता, तो खिडकीत मोठा व्हायला लागला. मी ठरवलं, आता एक बेल. खांब आणखी मोठा झाला. मी दोरी ओढली.

वहिनी थांबल्या नाहीत. उलट जरा जोरात आल्या. मी 'स्त्रियांसाठी राखीव'वर आडवा झालो आणि मागची गोल काच माझ्या अंगावर आली.

कुणाला लागलं नाही. कॅरॅव्हॅनची पाठ आत गेली होती. वहिनींनी अख्खा हिवाळा घासून तुळतुळीत केलेला तो निळा पत्रा कागदासारखा चुरगळला होता. वहिनी धावत आल्या. आधी मला बघितलं, मग पत्र्याला हात लावला, आणि विचारलं, "भाऊजी, दोन दिल्यात ना?"

तोवर गद्रेही पोचले होते. तेही माझ्याकडे बघत होते.

"एक," मी म्हणालो. "एकच दिली."

ते तोंडातून कसं गेलं, मला आजही कळत नाही. त्या क्षणी ते खोटंही वाटलं नाही. मी एकच ठरवली होती ना. दुपारी चहाचा कप धरताना मात्र माझ्या हाताला आठवलं. कुणी दार उघडत नाही म्हटल्यावर घाबरलेला माणूस बेल वाजवतो, तसा हात चालला होता. ओढली, आणि लगेच पुन्हा ओढली.

वहिनी म्हणाल्या, "मग मला दोनदा ऐकू आलं असेल." एवढंच. भांडल्या नाहीत. गद्रे वाकून काचा गोळा करायला लागले. कंडक्टर एक म्हणाला की एक. त्यांच्या खात्यात त्यावर अपील नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुग्धा वहिनींना कान तपासायला घेऊन गेली होती. रिपोर्ट आला, वयाच्या मानाने कान उत्तम. मला वाटलं, सुटलो. पण मी सुटलो नाही आणि वहिनी तर अडकल्याच. कारण मुग्धा काळजीत पडली. कान चांगले आणि तरी दोनदा ऐकू येतं, म्हणजे मग कुठे बिघाड? तिने प्रेमानेच गाडीची किल्ली काढून घेतली. "आई, आता नको. फार काळजी वाटते गं, आय वरी हीप्स." वहिनींनी किल्ली दिली.

त्यानंतर त्या बदलल्या. त्यांना सगळं नीट ऐकू यायचं, पण स्वतःवर भरवसा नसल्यासारखं विचारायच्या, "पाचला म्हणालात ना? पाचलाच?" मंडळातल्या बायका त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. ज्या बायकांना त्या समुद्रावर न्यायच्या, त्या आता त्यांना घ्यायला यायच्या आणि गाडीत बसताना हात धरायच्या. आणि मी? माझा मुलगा जेवताना विचारायचा, "बाबा, गद्रेकाकूंचं काय झालं हो एकाएकी?" तर मी म्हणायचो, "वय रे."

मग आणखी एक घोटाळा झाला. गद्रे बहिरे झाले.

हा माणूस चाळीस उतारूंच्या गोंगाटात मागच्या बाकावरच्या बिनतिकिटवाल्याचं घोरणं खरं की खोटं हे ओळखायचा. तो महिन्याभरात "ऐं?" म्हणायला लागला. टीव्ही इतका मोठा, की आमच्या स्वयंपाकघरात बातम्या कळायच्या. फोन वाजला तरी हे ढिम्म. शेवटी कानाला मशीन आलं. "कुंदा, काय म्हणतायत हे?" दिवसभर हेच. वहिनी मोठ्याने सांगायच्या, दोनदा सांगायच्या, वैतागायच्या. "भाऊजी, यांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. दारावर कोण आलं, कुकर झाला का, सगळं मीच ऐकायचं."

मला काही कळेना. दोघांनाही एकदम कसं व्हावं?

कॅरॅव्हॅनची पाठ दुरुस्त करायला मी रोज जायचो. न बोलावता. हातोडी धरायचो, पत्रा धरायचो. एका दुपारी वारा सुटला होता. गद्रे करवत थांबवून म्हणाले, "श्श. पत्रा वाजतोय. वर, डाव्या कोपऱ्यात. एक रिव्हेट ढिला आहे."

मी कान दिला. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. शिडी लावून बघितलं, तर डाव्या कोपऱ्यात एक रिव्हेट ढिला होता.

खाली उतरलो आणि त्यांच्या कानाकडे बघत राहिलो. त्यांनी मशीन काढलं, मागचं झाकण उघडून दाखवलं. आत सेल नव्हता.

"ड्रायव्हरचा स्वतःच्या कानावरचा भरवसा गेला की गाडी संपली, पाटणकर," ते म्हणाले. "मी सांगून पाहिलं, एखादी बेल चुकते, त्यात काय. तिला पटेना. मग म्हटलं, आपलेच कान जाऊ देत. आता घरात ऐकण्याचं काम तिच्याकडे आहे. बघितलंत ना, हल्ली 'पाचलाच ना' विचारत नाही. मला ओरडून सांगते, पाच."

बाहेरून वहिनींची हाक आली, "अहो, चहा!" गद्र्यांनी मशीन कानात बसवलं, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि ओरडले, "ऐं?"

माझं वाक्य तयार होतं. कित्येक महिने तयार होतं. मी म्हणालो, "बरं केलंत."

त्या वर्षी मुग्धाची नोकरी बदलली आणि सगळे ऑकलंडला, अल्बनीला गेले. कॅरॅव्हॅन ओढून न्यायला भाड्याचा माणूस आला. गद्र्यांनी त्याच्या गाडीतही घंटा लावून घेतली आणि त्या बिचाऱ्या किवी माणसाला नियम समजावला. तो "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे झकास. गद्र्यांनी दोन बेल दिल्या. वहिनी फुटपाथवर उभ्या होत्या. गाडी वळेपर्यंत खांबाकडे त्यांनी पाठ केली होती.

समुद्राकाठची ती रात्र काही झालीच नाही. कॅरॅव्हॅन आता अल्बनीच्या घरामागे उभी असते. दुपारचा चहा दोघं तिच्यात घेतात, असं कळतं.

गेल्या रविवारी मी फोन केला. गद्र्यांनी उचलला.

"गद्रे, मी पाटणकर."

"ऐं?"

"पाटणकर!"

"ड्रायव्हर साहेब," ते आत ओरडले, "बघा बरं कोण आहे, मला काही कळत नाही."

वहिनी आल्या. "बोला भाऊजी. यांचं काही विचारू नका. रोज चहा झाला की दोन बेल देतात आणि म्हणतात, काढा गाडी. मी म्हणते, किल्ली कुठंय? बोला ना."

"वहिनी…"

"बोला, बोला. मला स्वच्छ ऐकू येतंय."

मी विचारलं, तिकडे पाऊस आहे का. त्या म्हणाल्या, आहे. मी म्हटलं, इकडेही आहे. मग फोन ठेवला.

वहिनी, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. बेल दोनदा वाजली होती. दोन्ही मीच दिल्या. मला माफ करा.