सीट वाढवून मिळेल

कंबर

सांगून ठेवते, या गोष्टीत मी माफी मागणार नाही. ज्यांना माफीच ऐकायची असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी पॅन्ट शिवणारी बाई. माणूस दुकानाची पायरी चढला की त्याचं तोंड बघायच्या आधी मी कंबर बघते. त्यामुळे गोष्टसुद्धा मापांच्या क्रमानंच सांगणार: कंबर, सीट, मांडी, मोहरी म्हणजे पायाशी असतो तो घेर, उंची. दुसरा क्रम मला येत नाही. (सीट म्हणजे काय, हे शिंप्याकडे गेलेल्यांना ठाऊक आहे. न गेलेल्यांनो, ज्याच्यावर बसून हे वाचताय ते. खुर्ची नव्हे हो! खुर्चीच्या वरचं.)

तर अशी मी, या वयात, विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकायला लागले. वर्गात बहुतेक सगळे इंजिनियर. एकाच ठशातली बटणं! उरलेल्या मूठभर जागा ‘वेगळ्या पार्श्वभूमीच्या सीट’ म्हणून राखलेल्या. त्यांवर मी, एक रुग्णवाहिका चालवणारा, एक नर्स आणि एक सर्कशीतला विदूषक.

आमचे संचालक सर म्हणजे इस्त्री करूनच जन्माला आलेला माणूस. त्यांना या सीट डोळ्यांत खुपायच्या. मुलाखतीतच त्यांनी विचारलं होतं, “तुमची पार्श्वभूमी काय?”

“पॅन्ट.”

“म्हणजे पार्श्वभूमीच नाही म्हणा ना!”

ते वाक्य मी मनात टाचून ठेवलं. दुहेरी टाक्यानं.

आणि आता या सीट ठेवायच्या की बंद करायच्या, हे ठरवायला तपासणी समिती येणार होती. घरी माझी नणंद दिवस मोजत होती. ती पाळणाघर चालवते आणि पुढच्या वर्षीच्या सीटसाठी मुलांना झोके देत देत अभ्यास करते.

“वहिनी, सीट राहील ना गं?”

“राहील म्हणजे काय! माझ्यावर सोड! दारावर असा फलक लावते की समिती आत यायच्या आधीच विरघळेल!”

सीट

फलकाचं काम संचालक सरांनी माझ्याकडे दिलं, “कापडाचंच आहे, तुम्हाला जमेल” म्हणून. रंग त्यांनी निवडला. राखाडी. का, तर भारदस्त दिसतो. मजकूर माझा:

वेगवेगळ्या पार्श्वभूमींची माणसं, हीच आमची श्रीमंती!

मी तो फलकवाल्याला फोनवर लिहून पाठवला. हा फलकवाला माझा जुना. माझ्या दुकानावरची पाटी त्यानंच रंगवलेली आहे: ‘कुठलाही पार्श्वभाग असो, पॅन्ट बसणारच!’

हुशार वाचकांना पुढचं कळलं असेल. मला कळायला सकाळ व्हावी लागली.

सकाळी विद्यापीठाच्या दारात ही गर्दी! जो तो फोन वर करून फोटो काढतोय. इंजिनियर एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्यासारखे हसतायत. विदूषक तेवढा हसत नव्हता. धंद्यातला माणूस, दुसऱ्याचा विनोद त्याला सोसत नाही. मी मान वर केली. राखाडी कापडावर पंजाएवढ्या काळ्याभोर अक्षरांत लिहिलं होतं:

वेगवेगळ्या पार्श्वभागांची माणसं, हीच आमची श्रीमंती!

मी फोन लावला. “अरे गाढवा, काय छापलंस हे!”

“आवडलं ना ताई? तुम्ही घाईत ‘पार्श्वभूमी’ लिहून बसला होतात. म्हटलं, ताईंचा तर सगळा कारभार पार्श्वभागाचा. केलं दुरुस्त! इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, एवढंही कळू नये का मला?”

तेवढ्यात संचालक सर आले. फलक वाचला. इस्त्रीला पहिल्यांदा सुरकुती पडली.

“उतरवा! शिडी आणा!”

शिडी कोठीत. कोठीला कुलूप. किल्लीवाला रजेवर.

“एकमेकांच्या खांद्यावर चढा! काहीही करा!” मग माझ्याकडे वळून, दात आवळून म्हणाले, “आणि तुम्ही! समितीसमोर उभ्या राहा आणि माफी मागा. म्हणा, आमच्यासारख्यांची इथे यायची पात्रताच नव्हती!”

हे ऐकेपर्यंत, खरं सांगते, मी माफी मागायच्याच बेतात होते. तोंडही तसं केलं होतं.

“चूक फलकवाल्याची. मी वाचून घेतलं नाही, ती माझी. मान्य. पण यात पात्रता कुठून घुसली, सर?”

“फलक उतरणार की नाही?”

“नाही! मी लावलाय, राहणार!”

रुग्णवाहिकेचा चालक विदूषकाला खांद्यावर घ्यायला वाकला होता. मी त्याला म्हटलं, “दादा, सरळ उभे राहा.” तो राहिला. विदूषक खाली पडला, पण तो त्याचा व्यवसायच आहे.

मांडी

हे माप घ्यायला वेळ मिळाला नाही. समितीची गाडी आत आली होती.

मोहरी

समितीच्या अध्यक्ष एक भरल्या अंगाच्या, कडक चेहऱ्याच्या बाई. फलकाखालून जाताना त्यांनी वर बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मी त्यांची पॅन्ट बघितली. राखाडी, महागाचं कापड, पण शिवणारा कंजूष! शिवणी जीव मुठीत धरून बसलेल्या. म्हटलं, या बाईंनी आज जपून बसावं.

सभागृहात संचालक सरांनी माझ्या वतीनं माफी सुरू केली. “आमच्या एका विद्यार्थिनीच्या अपुऱ्या पार्श्वभा... भू... पार्श्व...” मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठले, सरळ माइकपाशी गेले आणि सरांना म्हटलं, “बसा सर, तुमचा पार्श्व अडकला.”

“मॅडम,” मी म्हणाले, “फलकात चूक आहे. पण खोटं एक अक्षर नाही! पार्श्वभूमी काय, कुणीही सांगतो. कागदावर चार ओळी लिहिल्या, झाली पार्श्वभूमी! सीट मात्र खोटं बोलत नाही. माझ्या टेपखालून अख्खं गाव गेलंय, मला विचारा! हा आमचा चालक. रात्रंदिवस गाडीवर बसून याची सीट पाटासारखी सपाट झालीय. त्या बसण्यामुळे किती माणसं जिवंत घरी गेली, विचारा त्याला! ही नर्स. हिला बसायलाच मिळालेलं नाही! आणि हा विदूषक. सर्कशीत रोज दोन खेळ, प्रत्येक खेळात त्याच जागी लाथ, आणि उठून पुन्हा हसायचं! यालाच तुमच्या पुस्तकात जोखीम व्यवस्थापन म्हणतात ना? आणि हे आमचे संचालक सर. यांची सीट... मॅडम, मी मापं बाहेर सांगत नाही. पण गादीवर बसलेली आहे, एवढं दुरूनही दिसतं!”

सभागृह कोसळलं! इंजिनियरसुद्धा बाकं बडवायला लागले. अध्यक्षबाईंनी इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदम सुटलं. गदागदा हलायला लागल्या. त्या गोंधळात कुठेतरी ‘टर्र’ असा आवाज झाला. एरवी हा आवाज मला झोपेतही कळतो. पण तेव्हा मी भाषणात होते, आणि भाषणात माणसाला स्वतःशिवाय काही ऐकू येत नाही.

बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांचा चेहरा लाललाल.

“सीट,” त्या कुजबुजल्या, “वाढवावी लागेल. ताबडतोब. होईल ना?”

माझ्या डोळ्यांसमोर पाळणाघरात झोके देणारी नणंद आली. मी धावत माइक गाठला.

“मॅडम म्हणतात, सीट वाढवणार!”

टाळ्या! शिट्ट्या! चालकानं तोंडानंच भोंगा वाजवला. अध्यक्षबाई हात हलवत अर्ध्या उठल्या आणि चटका बसल्यासारख्या परत खाली बसल्या. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद दिला. संचालक सरांनी वारा ओळखला. त्यांनी माझ्या हातातून माइक ओढला.

“ही मुळात माझीच कल्पना! पुढच्या वर्षीपासून या सीट दुप्पट! मी इथेच जाहीर करतो!”

समितीच्या बाकी सभासदांनी अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्या खुर्चीला चिकटलेल्या. उठून ‘नाही’ म्हणायचं, तर उठायचं कसं?

त्यांचा हात खुर्चीच्या मागे गेलेला मला दिसला. आणि माझ्या पायाखालची जमीन, म्हणजे भूमी, सरकली.

उंची

संचालकांच्या खोलीत अध्यक्षबाई व्यासपीठावरचा टेबलक्लॉथ गुंडाळून उभ्या. माझ्या हातात त्यांची पॅन्ट.

“मी ह्या सीटबद्दल बोलत होते!”

“कळलं मॅडम. आत्ता.”

“बाहेर जाऊन सांगा, गैरसमज झाला!”

मी सुईत दोरा ओवत म्हटलं, “सांगते की. पण मग गैरसमज कशावरून झाला, तेही सांगावं लागेल. आणि एक सांगू? तुमच्या शिंप्यानं शिवणीच्या आत कापडच सोडलेलं नाही. आम्ही त्याला माया म्हणतो. माया ठेवली नाही की माणूस जरा मोकळा हसला तरी फाटतं. पॅन्टचं तसंच, संस्थेचंही तसंच. आता तुम्ही सांगाल तेवढंच करते. वाढवू की नको?”

बाईंनी टेबलक्लॉथची गाठ आवळली.

“वाढवा.”

“कुठली?”

“दोन्ही!” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या. टेबलक्लॉथ फाटत नाही, हे एक बरं असतं.

पण जोड द्यायला राखाडी कापड आणायचं कुठून? ...

हसू नका. मला तेव्हा हसू येत नव्हतं. मी खिडकी उघडली आणि स्वतःच्या हातानं, हो, ‘लावलाय, राहणार’ म्हणणाऱ्या ह्याच हातानं, कात्री खाली चालकाकडे टाकली. विदूषक त्याच्या खांद्यावर चढला.

“ताई, कुठला तुकडा कापू?”

“कुठलाही काप, राखाडी असला म्हणजे झालं!”

खाली संचालक सर उभेच होते. ते ओरडले, “तोच शब्द कापा! आधी तोच!”

तुकडा आला. घाईत दिला जोड. शिवण अशी, की हत्तीनं बसून बघावं! बाईंनी पॅन्ट घातली, दोन उठाबशा काढल्या, माझा हात हातात घेतला आणि ताठ मानेनं जिना उतरून गाडीकडे निघाल्या. मी लगेच नणंदेला फोन लावला.

“राहिली का गं सीट, वहिनी?”

“राहिली? दुप्पट झाली! मी शब्द दिला होता ना...”

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. बाईंच्या मागून चालणारी समिती एकाएकी थबकली होती. एका सभासदानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. दारावरच्या फलकात ‘पार्श्व’च्या पुढे एक भोक होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. आणि अध्यक्षबाईंच्या मागे, अगदी मधोमध, पंजाएवढ्या काळ्याभोर अक्षरांत ‘भाग’ चालला होता.

कापडाची उलटी बाजू वर घ्यायची, एवढं साधं! शिकाऊ पोरीलाही कळतं.

तेव्हा माफी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. एवढंच, की अध्यक्षबाई हे वाचत असतील तर मॅडम, त्या पॅन्टवर लांब कोट फार शोभेल.

मागून झाकणारा.