डोहातल्या मगरींचा हरण्याचा नियम

एका जंगलात, बाळांनो, एक नियम होता. कॅमेरा आला की मगरीनं हरायचं. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा नियम होता. पहिल्याबद्दल 'का?' असं विचारायचं नाही.

तिथल्या डोहातल्या मगरी आनंदानं हरत. पाहुणा पाठीवर बसला की जरा शेपटी आपटायची, दोन गिरक्या घ्यायच्या आणि दमल्यासारखं पडायचं. यात सगळ्यात वाकबगार होते दातपडे आजोबा. टीव्हीवरच्या धाडसेसाहेबांकडून ते इतक्यांदा हरले होते, की पिल्लांची हरण्याची शिकवणीही तेच घेत.

धाडसेसाहेब म्हणजे 'जिवावर उदार' या कार्यक्रमाचे निवेदक. खिसेच खिसे असलेली खाकी चड्डी घालून ते कॅमेऱ्यात कुजबुजत, "मित्रांनो, माझ्या मागे साक्षात मृत्यू उभा आहे!" मागे मृत्यू जांभया देत असे.

यंदा साहेबांचा चित्रपट निघाला. त्यात नायिका होती, गाणं होतं, खजिन्याचा नकाशाही होता. शेवटी नायक मगरीला शेपटी धरून बाजूला ओढतो आणि तिच्याखालची वाळू उकरून पेटी काढतो, अशी गोष्ट. चित्रपटवाल्यांनी काठ पाहून ठेवला. एका जागी वाळू छान भुसभुशीत लागली.

लागणारच. ती कातळीनं उकरली होती.

कातळी ही तरुण मगर. त्या वाळूखाली तिची पहिलीवहिली अंडी होती, आणि ती वर राखण करत पडली होती.

दातपडे आजोबा चित्रपटवाल्यांशी बोलणी करून आले. "कातळे, नशीब काढलंस पोरी! उद्या तुला हरायचंय."

"आजोबा, खाली माझी अंडी आहेत. ते इथे फावडं चालवणार."

"अंडी काय, पुढच्या वर्षी परत होतील. चित्रपट परत येतो का? घराण्याचं नाव पडद्यावर लागतं!"

"कुठे लागतं?"

"शेवटी. 'आणि इतर'मध्ये."

"पण आजोबा, हरायचं का?"

"अगं बाई, 'का' म्हणाली!" घोरपडमावशीनं तोंडावर पंजा ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाली, "तू जा गं निर्धास्त. अंड्यांकडे मी बघते."

घोरपडमावशीला अंड्यांची फार माया. अगदी लहानपणापासून.

दुसऱ्या दिवशी छत्र्या आल्या, दिवे आले, चहाचे थर्मास आले. डोहातली वडीलधारी मंडळी नटूनथटून पाण्यात रांगेनं बसली. धाडसेसाहेब कुजबुजले, "मित्रांनो, माझ्या मागे..." आणि त्यांनी शेपटी धरली. ओढली. कातळी हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. चड्डीच्या एका खिशाची शिवण उसवली.

मग कातळीनं नुसता जबडा उघडला. सावकाश. पार घशापर्यंत ऊन जाईल इतका.

साहेब थेट झाडावर. तिथून ते आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं बोलले. काय बोलले, ते तुम्हांला सांगण्यासारखं नाही.

दिग्दर्शक वैतागला. "ही मगर खोटी वाटते. रबराची आणा!"

रबराची आली. शेजारी ठेवली. पहिल्याच झटक्यात हरली. आजोबांचे डोळे भरून आले. "बघ, बघ जरा! याला म्हणतात संस्कार!"

मारामारी झाली, पण पेटी निघायची राहिली होती. आणि पेटी भुसभुशीत वाळूतूनच निघायला हवी, हा दिग्दर्शकाचा हट्ट. माणसं फावडी घेऊन उभी राहिली. अख्खी वडीलधारी मंडळी पाण्यातून वर आली आणि कातळीभोवती जमली.

"हरू नकोस बाई, पण निदान सरक तरी," आजोबा म्हणाले.

"नाही."

"आमच्या वेळी असं नव्हतं!"

"म्हणून तर तुमच्या वेळची पिल्लं मोजकीच दिसतात."

"मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलतेस?"

"मगर आहे आजोबा. तोंड वरच असतं." कातळीनं शेपटी उचलून त्यांच्यापुढे टाकली. "मी इथून उठणार नाही. तुम्हांला उठवायचंच असेल, तर ही घ्या शेपटी. ओढा तुम्हीच."

आजोबांनी शेपटीकडे पाहिलं. इतरांनी आजोबांकडे पाहिलं. सगळा जन्म हरण्यात गेलेला. ओढायचं कसं, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

कुणीच काही बोलेना. घोरपडमावशीसुद्धा.

आणि त्या शांततेत वाळूखालून बारीकसा आवाज आला. चुक् चुक्. मग आणखी एक.

तात्पर्य : थोरामोठ्यांचं नेहमी ऐकावं. ते गप्प बसले, की फारच छान ऐकू येतं.