बादलीभर काळं ऑइल

डोमाजीच्या नातवाचं बारसं होतं आणि धुरपताबाई पंगतीत वांग्याची भाजी वाढत होत्या. विषय निघाला वाळवीचा. डोमाजीच्या दाराची चौकट वाळवीने अशी खाल्ली होती की वरून सागवान आणि आतून भुगा. नवी चौकट सुताराकडे तयार होती. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी ती बसवायची होती. आता चौकटीचे पाय जमिनीत गाडायचे तर आधी त्यांना गाडीतून काढलेलं जळकं ऑइल पाजावं लागतं. काळं, दाट, नाक धरायला लावणारं. वाळवी मग तिकडे फिरकत नाही. पण ते मिळावं कुठून? सानगडीतले गॅरेजवाले आपलं सगळं काळं ऑइल स्लॅबच्या पाट्यांना लावायला सेंट्रिंगवाल्यांना देऊन टाकतात.

"परसरामच्या ट्रॅक्टरमधलं घ्या नं," पंगतीतून कोणी म्हणालं.

"परसराम?" डोमाजी हसला. "चार साल झाले, त्यानं ऑइल बदललंच नाई. कमी झालं का वरून टाकते. ट्रॅक्टरच्या पोटात काय हाये ते ट्रॅक्टरलेच माहीत."

एवढ्यावर विषय संपला असता. पण डोमाजीच्या बहिणीला बोलल्याशिवाय घास उतरत नाही. ती म्हणाली, "धुरपताच्या घरी हाये नं रेसची गाडी! पण बाप्पा, ते नुसती पळाची. धान वाहत नाई, माणूस वाहत नाई. मागची सीटसुदिक काढून टाकली म्हणते पोरानं."

भाजीचा पळा हवेतच थांबला. गाडीबद्दल धुरपताबाई स्वतः घरात याहून वाईट बोलत. पण घरचं माणूस घरात शिव्या खातं म्हणून बाहेरच्याने दगड मारायचा नसतो.

"डोमाभाऊ," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या चौकटीले बादलीभर काळं ऑइल माह्या घरून येईल. शुक्रवारच्या आधी. धुरपता बोलली."

धुरपताबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. आयुष्यात त्यांनी दिलेला शब्द एकदाच परत घेतला होता. तो लग्नाच्या आधी, आणि भलत्याच मुलाला दिला होता.

त्यांचा मुलगा अमर शाळेत क्लार्क. दिवसभर दाखले लिहायचा आणि संध्याकाळी जुन्या मारुती आठशेखाली घुसायचा. धान निघालं की रिकाम्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, गाड्या पळवायची एक स्पर्धा दोन वर्षांपासून सुरू झाली होती. रस्त्यावर म्हशीला वाट देणारे चांगले संसारी लोक त्या दिवशी डोक्यावर टोप चढवून पाऊण मिनिटात काय ते मर्द होऊन घेत. अमरने वजन कमी करायला गाडीची मागची सीट, गालिचे आणि टेप काढला होता. स्वतःचं पोट मात्र जागच्या जागी होतं.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "अमर, गाडीचं ऑइल बदलव बापू."

अमरच्या हातातला पाना पडला. या गाडीला आई आजवर फक्त 'डबडं' म्हणत आली होती. "माय, तुले कसं समजलं? रेसच्या आधी बदलवावंच लागते!"

"आवाज येऊन राहिला नं. खोकून राहिली ते," धुरपताबाई म्हणाल्या.

अमरने गाडी थोडी गरम केली, खाली घुसून बोल्ट काढला आणि काळी धार गंजात, स्वयंपाकाच्या जुन्या पातेल्यात, पडू लागली. धुरपताबाई बादली घेऊन शेजारी उभ्या होत्या. धार बारीक झाली, थेंबाथेंबावर आली आणि थांबली. गंज पाऊणही भरला नव्हता.

"बाकीचं?"

"बाकीचं काय? एवढंच राहते. पावणेतीन लिटर."

"एवढ्या मोठ्या गाडीत?" धुरपताबाईंना वाटलं होतं, रेसची गाडी म्हणजे पिंपभर तरी पीत असेल. त्यांनी गंज बादलीत उपडा केला, तळाशी चार बोटं भरलं, मग मुलाकडे पाहिलं. "मंग आता पुढच्यांदा कवा बदलवतेस?"

"चांगले रेसवाले प्रॅक्टिस झाली का बदलवतात."

"मंग आपण का वाईट हाव का? तूसुदिक बदलव."

अमरचे डोळे भरून आले. जेवताना त्याने बायकोला, रीताला सांगितलं, "मायले माही आवड समजली आता." रीताने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. बारशाच्या पंगतीत ती तीनच पानं सोडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेक साकोलीला नवं ऑइल घ्यायला गेले. घनश्यामच्या दुकानात भिंतभर डबे. अमर एक डबा उचली, मागचं बारीक वाची, ठेवी, दुसरा उचली. लग्नाच्या वेळी त्याने एवढा विचार केला नव्हता.

"हे आकडे कायचे गा?" धुरपताबाईंनी विचारलं.

घनश्याम समजावू लागला, "मावशी, पहिला आकडा थंडीचा. सकाळी गाडी थंडी असते, तवा ऑइल पातळ पायजे, लवकर सगळीकडे पोचलं पायजे. दुसरा आकडा गरमीचा. इंजिन तापलं का ऑइल पाण्यासारखं नाई झालं पायजे, टिकलं पायजे."

"म्हणजे सकाळी लवकर कामाले लागलं पायजे, अन् डोक्शावर ऊन आलं तरी पातळ नाई झालं पायजे."

"हो जी, बरोब्बर!"

"सून पाह्यतानी आमी हेच पाह्यतो. त्याचे आकडे डब्यावर लिहून नाई येत, एवढाच फरक." मग त्या मुद्द्यावर आल्या. "याच्यातलं लवकर काळं कोणतं होते?"

घनश्यामने अमरकडे पाहिलं. "मावशी, लोक तं विचारतात काळं कोणतं होत नाई."

"लोकाइचं लोकाइपाशी."

"तसं पाह्यलं तं चांगलं ऑइल आतली घाण धुऊन काढते, म्हणून काळं होते. हे फुल सिंथेटिक. महाग हाये, पण इंजिन आतून घासलेल्या भांड्यासारखं करते."

"मंग हेच दे," धुरपताबाई म्हणाल्या आणि कमरेची पिशवी सोडली. अमरला तिथल्या तिथे पाया पडावंसं वाटलं. दुकानात गर्दी होती म्हणून राहिलं.

घनश्याम खोटं बोलला नव्हता. पण तो एक गोष्ट सांगायची विसरला. ऑइल काळं व्हायला गाडी महिना-महिना पळावी लागते; पाऊण मिनिटाच्या प्रॅक्टिसने भांडं घासलं जाईल, पण पाणी काळं कशाला होईल?

प्रॅक्टिस झाली, अमर गाडीखाली गेला आणि गंजात पडली ती मधासारखी सोनेरी धार. पुढच्या प्रॅक्टिसनंतर पुन्हा तेच. उलट या वेळी जास्तच चकचकीत. अमर ते बोटावर घेऊन उजेडात धरून नाचत होता. "पाह्य माय! एक कण नाई! इंजिन आतून कसं झालं असंल!"

"तुह्या इंजिनले दृष्ट लागो," धुरपताबाई पुटपुटल्या.

आता बुधवार उजाडला होता. दोन वेळचं सोनेरी ऑइल एका डब्यात भरून त्या डोमाजीकडे गेल्या. डोमाजीने झाकण काढलं, वास घेतला आणि तोंड आंबट केलं.

"वहिनी, हे तं नवं दिसते. याले वाळवी भ्याची नाई, चाटून खाईन."

"तेच तं! महागाचं हाये."

"महाग नोको जी, काळं पायजे. नसंल होत तं सांगा, मी डांबर पाह्यतो. माही बहीण म्हणतच होती..."

"तुमची बहीण काय म्हणत होती ते तिले परवा सकाळी चौकटीपाशी म्हणायले सांगा," धुरपताबाई म्हणाल्या आणि डबा उचलून निघाल्या. पण वाटेत त्यांचा चेहरा उतरला होता. शुक्रवारी अर्धं गाव त्या चौकटीपाशी नारळ फोडायला जमणार होतं.

त्या वाटेवरच परसरामचा ट्रॅक्टर उभा होता आणि परसराम त्यात वरून ऑइल टाकत होता. धुरपताबाई थांबल्या.

"परसराम, तुह्या ट्रॅक्टरात किती ऑइल राहते गा?"

"सात लिटर, काकू."

"काळं?"

"काळं म्हणजे? डांबर हाये जी. ऑइल मोजाची दांडी बाहेर काढली का वापस पुसाची हिंमत होत नाई."

धुरपताबाईंच्या चेहऱ्यावर बारशानंतर पहिल्यांदाच हसू आलं. "उद्या दुपारी ट्रॅक्टर माह्या अंगणात आण. जुनं मले दे, मी तुले रेसचं ऑइल देईन. फुकट. अमरले सांगू नोको."

परसराम चार वर्षं ऑइल बदलत नव्हता ते तत्त्व म्हणून नाही, फुकट मिळत नव्हतं म्हणून. गुरुवारी तो सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच हजर झाला.

बोल्ट निघाला, ते डांबर निथळता निथळता दुपार उलटली आणि धुरपताबाईंची बादली काठोकाठ भरली. एवढं काळं, एवढं दाट की त्यात पाहिलं तर स्वतःचा चेहराही दिसू नये. रीताने नाकाला पदर लावला. धुरपताबाईंनी मात्र ओवाळायचंच बाकी ठेवलं. मग सोनेरी डबा ट्रॅक्टरमध्ये रिकामा झाला. परसरामने दांडी घातली, काढली, पुन्हा घातली.

"काकू, दांडीले लागूनच नाई राहिलं. दीड लिटर कमी हाये."

"तुहं वरून टाकाचं हाये नं घरी?"

"ते कालच संपलं जी. अन् असा चालू केला तं इंजिन जाईन."

ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध, दारात आडवा. पावणेपाच वाजलेले. पाचला अमर शाळेतून येणार. रीताने शांतपणे पडवीकडे बोट दाखवलं. तिथे शनिवारी टाकायचा, रविवारच्या रेसचा नवाकोरा डबा होता, तीन लिटरचा.

धुरपताबाईंनी डब्याकडे पाहिलं. पोराच्या ताटातला घास तो. मग बादलीकडे पाहिलं. "आण," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टर वळणावर गेला आणि अमर दारात आला. पहिलं लक्ष डब्यावर. "माय! हा अर्धा कसा?"

चाळीस वर्षांत या बाईच्या हातून ताकाचा थेंब सांडला नव्हता. आणि ज्यांच्या हातून सांडला, त्यांना तो महिनाभर ऐकावा लागला होता. जिच्या हातून सांडला होता ती रीता समोरच उभी होती.

"सांडलं माह्या हातून," धुरपताबाई म्हणाल्या.

"असू द्या आई," रीता गोड आवाजात म्हणाली. "होते असं. हात सांभाळून ठेवाचा जरा. घरात काय ऑइलची विहीर हाये का?" अगदी शब्दन् शब्द सासूचा. धुरपताबाईंनी तो गिळला. अमर बिचारा सायकल काढून साकोलीची एसटी गाठायला सुटला.

शुक्रवारी डोमाजीची चौकट काळ्या पायांवर उभी राहिली. डोमाजीच्या बहिणीने बादलीत वाकून पाहिलं, काडी घालून पाहिली आणि प्रसादाचं खोबरं घेऊन गुपचूप मागच्या दाराने गेली. धुरपताबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

रविवारी लाखांदूरच्या रस्त्याला लागून असलेल्या बांध्यांमध्ये अकरा गाड्या जमल्या. अमर निघाला तो झकास. धूळ उडवत, दोन वळणं कापत. धुरपताबाई कोणाचं लक्ष नाही असं पाहून चक्क उड्या मारत होत्या. पण शेवटच्या वळणाशेजारच्या बांधीत कोणी उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं होतं. ते आतून पाझरलं होतं. घासलेल्या इंजिनाची गाडी चिखलात चाकं बुडेपर्यंत बसली आणि ओरडायला लागली.

फसलेल्या गाड्या ओढायला आयोजकांनी परसरामचा ट्रॅक्टर ठेवला होता. तो आला. मागच्या वर्षी हाच ट्रॅक्टर धूर सोडत, कण्हत यायचा. आता नवरीसारखा आला. दोर बांधला आणि मारुती लोण्यातल्या केसासारखी वर.

अमर काच खाली करून ऐकत होता. "परसरामकाका, आवाज कसा काय गोड झाला? कोणतं ऑइल टाकलं?"

परसरामच्या पोटात कोणतीच गोष्ट राहत नसे. "रेसचं! तुह्याच मायनं देल्लं नं!"

अमरने उतरून ट्रॅक्टरची दांडी काढली. टोकाला सोनेरी थेंब. त्याने तो ओळखला. त्याने सावकाश बांधावर उभ्या आईकडे पाहिलं. बाजूला डोमाजी, बाजूला रीता, बाजूला अर्धी सानगडी.

"माय. सांडलं होतं म्हणे?"

"सांडलं, पण ट्रॅक्टरात सांडलं," धुरपताबाई म्हणाल्या. "अन् कायले तोंड फुगवून राहिला? तुले चिखलातून कोणी काढलं? तुह्याच ऑइलनं काढलं. घरचं ऑइल घरच्याच कामी आलं."

हसावं की रडावं हे अमरला ठरवता आलं नाही, आणि तेवढा वेळही नव्हता, कारण घड्याळ अजून चालू होतं. तो गाडीत बसला. "काका, दोर सोडू नोका. असेच चला."

पांढऱ्या झेंडीपाशी लक्ष्मणराव वेळ लिहायला बसले होते. ट्रॅक्टर आला, मागे मारुती आली. लक्ष्मणरावांनी नियमांची वही दोनदा वाचली. गाडीने लाल झेंडीपासून पांढऱ्या झेंडीपर्यंत यावे, एवढंच लिहिलं होतं. कसे यावे ते नव्हतं. दोन गाड्या तर मध्येच बंद पडल्या होत्या. अमरचा नंबर नववा आला. सहभागाच्या प्रमाणपत्रावर परसरामने आपलंही नाव लिहून घेतलं, आणि त्याची सही अमरच्या सहीपेक्षा मोठी आहे.

महिनाभराने परसराम सकाळी सकाळीच दारात उभा. हातात ट्रॅक्टरची दांडी, चेहरा आजारी बैलाच्या मालकासारखा.

"काकू, हे पाहा नं जी. काळं होऊन राहिलं."

"चार साल तं तुले काळंच गोड लागत होतं."

"तवा दुसरं चाखलं नव्हतं जी. आता जुना आवाज आयकवत नाई. अमरले म्हणा, पुढची रेस कवा हाये? पोराले असं घरी बसवून ठेवू नये."

धुरपताबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत वळून हाक दिली,

"अमर! ऊठ बापू, प्रॅक्टिसले जा. परसरामचा ट्रॅक्टर उपाशी हाये."