तिसाव्या किलोमीटरवरची सासुरवाडी

"यंदा झाडूगाडीत बसणार नाही म्हणजे नाही!"

सुदर्शन बिडवे यांनी हे ‘लोखंडी लातूर’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं, तेव्हा त्याखाली अकरा अंगठे आले, चार गुच्छ आले आणि रविकांतचा एक खवचट प्रश्न आला, ‘आणि बसलास तर?’

‘बसलो तर सायकल भंगारात घालीन आणि मिशी काढीन!’ सुदर्शनने ठोकून दिलं. मिशीचा उल्लेख वाचून तनुजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मिशी कशाला मध्ये आणली? तेवढी एकच गोष्ट बरी आहे तुमच्या तोंडावर!"

झाडूगाडी म्हणजे शर्यतीच्या सगळ्यात मागून येणारा टेम्पो. कंधारजवळच्या धरणात दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल हाणायची आणि वर दहा किलोमीटर पळायचं. सगळं मिळून चार तासांत! ज्याला हे जमणार नाही असं दिसतं, त्याला हा टेम्पो प्रेमाने उचलून घेतो. गेल्या वर्षी सुदर्शनला त्याने पळण्याच्या चौथ्या किलोमीटरला उचललं. केळ्यांचे रिकामे क्रेट आणि दोन पंक्चर सायकली यांच्यामध्ये बसून तो मैदानावर आला. ड्रायव्हरने टेम्पो लावला तो नेमका व्यासपीठासमोर! तनुजाने आणलेला हार तसाच घरी परत गेला आणि देवाच्या फोटोला लागला. देवाने काही तक्रार केली नाही, पण सुदर्शन आठवडाभर त्या भिंतीकडे बघत नव्हता.

म्हणून यंदा त्याने जिवाचं रान केलं. तो पाटबंधारे खात्यात लिपिक. आयुष्यभर पाण्याच्या फायली इकडून तिकडे केल्या, पण गेल्या वर्षापर्यंत पाण्यात पाय टाकला नव्हता. गेल्या वर्षी हातपाय मारत कसाबसा पार झाला, यंदा नीट पोहायला शिकवलं रविकांतने. रविकांत पोस्टात होता आणि त्याचे काका लिंबाजी यांच्या मळ्यात एक मोठी विहीर होती. दीड किलोमीटर म्हणजे त्या विहिरीत साठ चकरा! सुदर्शन रोज सकाळी चकरा मारायचा, लिंबाजीकाका काठावर बसून ज्वारीचे दाणे टाकून त्या मोजायचे. एकदा कोंबडीने बारा दाणे खाल्ले आणि सुदर्शनला बारा चकरा जास्त पडल्या. एवढ्या तपश्चर्येत एकच खोट राहिली. विहिरीत सतत डावीकडे वळून वळून त्याला सरळ पोहताच येईना.

"काळजी करू नको," रविकांत म्हणाला. "धरणात मी तुझ्या डाव्या अंगाला राहतो. तू मला धडकत धडकत ये."

एवढी सगळी तयारी झाली आणि अधिक महिना लागला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तीन वर्षांतून एकदा येणारा हा मान! पण सुदर्शनचा आहार ठरलेला होता. उकडलेली अंडी, मूग, केळी. सासऱ्यांचा, आप्पासाहेबांचा, फोन आला तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, औंदा धोंडा नको. शर्यत हाय. पण एक सांगतो, सायकलची वाट तुमच्या बोरखेडीतूनच हाय. बरोबर तिसाव्या किलोमीटरला. आठ-सव्वाआठला वाऱ्यासारखा जाईन तुमच्या दारावरून, बघत ऱ्हावा!"

मग आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "बरं, बरं. या मग."

सुदर्शनला वाटलं, मामांना पटलं. तिथेच चुकलं!

शर्यतीच्या दिवशी सहाच्या ठोक्याला शिटी वाजली. प्रत्येकाच्या घोट्याला एक काळी पट्टी बांधलेली होती आणि तिच्यात टिकलीएवढं यंत्र. वाटेत ठिकठिकाणी रबरी गालिचे टाकलेले. गालिच्यावरून पट्टी गेली की ‘टूंक’ असा आवाज होऊन संगणकात वेळेची नोंद व्हायची. सुदर्शन रविकांतला एकंदर एकोणीस वेळा धडकला, पण पन्नास मिनिटांत पाण्याबाहेर आला. टूंक! सायकलवर बसला तेव्हा अंगात नुसतं वारं भरलं होतं. हिशोब पक्का होता. असंच चाललं तर वीस मिनिटं हातात राखून तो पोहोचणार होता. मुखेडकडच्या चढावर त्याने तिघांना मागे टाकलं. त्यातला एक तर नांदेडचा, चकचकीत सायकलवाला! सुदर्शनची छाती दोन इंच फुगली.

तिसाव्या किलोमीटरला बोरखेडीची कमान दिसली आणि कमानीखाली रस्त्याच्या मधोमध मांडव दिसला. हलगी वाजत होती. मांडवात पाट, पाटाभोवती रांगोळी आणि पाटाशेजारी पितळी घंगाळ घेऊन आप्पासाहेब. मागे सासूबाई तारामती औक्षणाचं ताट घेऊन, आणि त्यांच्यामागे सगळं गाव!

सुदर्शनने ब्रेक दाबला. दुसरा इलाज नव्हता. समोर मेहुणा शिवशंकर रस्ता अडवून उभा होता.

"मामा, शर्यत चालू हाय! सोडा मला!"

"सोडतो की. पाय धुतो आन् सोडतो. पाच मिन्टं."

"अवो, पण वेळ..."

"जावई धोंड्याच्या महिन्यात दारावरून जाणार आन् बिगर पाय धुता जाणार? उद्या वीरण्णा विचारंल मला पारावर, काय सांगू? ह्यानं तर त्याच्या जावयाला पुण्याहून बोलावून घेतलं!"

वीरण्णा बाजूलाच उभा होता. त्याने मान हलवली, "हाव, विचारणारच."

बूट निघाले, मोजे निघाले. तारामतीबाईंनी घोट्याची काळी पट्टीही चर्रकन सोडली आणि नीट ताटात ठेवली. ओल्या पट्टीने जावयाला खाज सुटेल, ही त्यांची काळजी! सुदर्शनचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. पाय धुवून झाले, कुंकू लागलं, ओवाळणी झाली. फेटा बांधायची वेळ आली तेव्हा तो ओरडला, "हेल्मेट काढायचं न्हाई! हेल्मेट काढलं तर बाद करतेत!"

"मग हेल्मेटवर बांधा," आप्पासाहेबांनी हुकूम सोडला. बांधणाऱ्याने सव्वा हात उंचीचा भगवा फेटा हेल्मेटवरच चढवला.

इतक्यात मागून रविकांत आला. त्याने वेग कमी करून हे दृश्य डोळे भरून पाहिलं. "चालू द्या, चालू द्या!" म्हणाला आणि चालत्या सायकलवरच एक धोंडा उचलून पुढे गेला.

सुदर्शनला मात्र दोन धोंडे तुपासकट खावे लागले. सरपंचांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली आणि ते दोन शब्द सहा मिनिटं चालले. शेवटी तेहतीस अनारशांची पिशवी हँडलला अडकवून, घाईघाईने बूट चढवून तो सुटला, तेव्हा वीस मिनिटं गेली होती. हाताशी राखलेली सगळीच्या सगळी!

पुढचे दहा किलोमीटर तो कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. फेटा वाऱ्याने मागे ओढत होता, अनारसे गुडघ्यावर आपटत होते. पण वीस मिनिटांत मैदान गाठलं. सायकल लावली, फेट्यासकट हेल्मेट खुंटीला टांगलं आणि गालिच्यावरून पळाला.

टूंक झालंच नाही.

त्याने खाली पाहिलं. घोटा मोकळा! कुंकवाचं बोट तेवढं होतं.

"पट्टी न्हाई तर नोंद न्हाई काका," गालिच्याजवळचा माणूस म्हणाला. "पळायचं तर पळा."

सुदर्शनला रडू फुटायचं बाकी होतं. रोज पहाटे चारला उठणं, त्या साठ-साठ चकरा, एक पट्टी ताटात राहिली म्हणून सगळं पाण्यात! पण पाय थांबेनात. मैदानाभोवती अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. तो पळत सुटला.

किलोमीटरभर गेला नसेल, तोच लाउडस्पीकर गरजला, "नंबर एकशे सात! लातूरचे सुदर्शन बिडवे! दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत शर्यत पूर्ण! आत्ताच यांना फेट्यासकट सायकल लावताना पाहिलं, म्हणजे पळण्याचे दहा किलोमीटर फक्त सहा मिनिटांत! जोरदार टाळ्या!"

सुदर्शनने मागे वळून पाहिलं. दुसरा कुणी सुदर्शन बिडवे दिसेना.

पहिली फेरी संपवून मैदानाशी आला तेव्हा उलगडा झाला. पाहुण्यांच्या खुर्चीत, पांढऱ्या धोतरात, आप्पासाहेब बसले होते. हातात काळी पट्टी आणि गळ्यात मेडल!

झालं होतं असं. तारामतीबाईंना ताटात पट्टी दिसली. शिवशंकरने वडलांना मोटारसायकलवर घातलं. रस्ता शर्यतीसाठी बंद, म्हणून पाणंदीने चिखल उडवत दोघे मैदानावर आले. जावई कुठे ते बघायला आप्पासाहेब पट्टी हातात घेऊन तरातरा शिरले ते थेट शेवटच्या कमानीतून! संगणकाला काय, पट्टी आली म्हणजे माणूस आला. टाळ्या वाजल्या, एका मुलीने वाकून गळ्यात मेडल घातलं. आप्पासाहेबांना यात काही वावगं वाटलं नाही. आपण जावयाचा मान केला, तर शर्यतवाल्यांनी सासऱ्याचा केला. रीतच आहे!

एवढ्यात एक फेरी पुढे असलेला रविकांत मागून आला. "अरे, तू चाळिशीच्या गटात पहिला आलास की! आता कशाला पळायलास? बस जा झाडाखाली!"

खरं होतं. कुणी विचारणार नव्हतं. चषक, फोटो, ग्रुपवर शंभर अंगठे! सुदर्शनने दोन विजेचे खांब जाईपर्यंत विचार केला. मग त्याला केळ्यांच्या क्रेटचा वास आठवला.

"पट्टी आली रे," तो धापा टाकत म्हणाला. "मी अजून यायचोय."

आणि तो पळाला. पोटात धोंडे गडगडत होते, पोटऱ्यांना गोळे येत होते. तिसऱ्या फेरीत तो चालला, चौथ्या फेरीत पुन्हा पळाला. झाडूगाडी पन्नास पावलांवर येऊन हळूच हॉर्न वाजवायची. ड्रायव्हर तोच, गेल्या वर्षीचा! "येता का साहेब?" त्याने खिडकीतून विचारलं. सुदर्शनने मागे न बघता हात हलवला. तनुजा कमानीपाशी हार घेऊन उभी होती आणि बोरखेडीच्या हाटेलात ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडत होती, "पळा वो! पळा!"

तो कमानीतून आला आणि गवतावर आडवा झाला. टाळ्या नाहीत, टूंक नाही. मेडलवाली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही मघाशीच आलात ना?"

तो तसाच उठून मुख्य पंचांकडे गेला. प्रियदर्शनी मॅडम, खेळाच्या शिक्षिका, गळ्यात स्टॉपवॉच. त्याने धोंड्यापासून पाणंदीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "मॅडम, तो पहिला नंबर माझा न्हाई. काढून टाका."

"वाटेत कुणाची मदत घेतली का?" मॅडमनी कडक आवाजात विचारलं.

"मदत कुठली मॅडम, अडवणूक झाली!"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. साक्षीला रविकांत होता, वाटेवर उभे असलेले पोलीस होते. तो कमानीतून येताच दाबलेलं आपलं घड्याळ मॅडमनी बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि माइक हातात घेतला. "नंबर एकशे सात, हातघड्याळानुसार तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. शर्यत पूर्ण! आणि पहिला नंबर स्वतःहून परत केल्याबद्दल यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवा!"

सगळं मैदान उभं राहिलं. झाडूगाडीचा ड्रायव्हरही खाली उतरला. तनुजाने हार घातला आणि डोळे पुसले. सुदर्शनला त्या क्षणी वाटलं, आपण खरंच लोखंडाचे आहोत.

"आणि मेडल?" त्याने हळूच विचारलं.

"मेडलं नंबराप्रमाणे मोजून असतात," मॅडम म्हणाल्या. "एकशे सातचं गेलं."

सगळ्यांच्या माना आप्पासाहेबांकडे वळल्या. तनुजा पुढे झाली, "आप्पा, ते मेडल ह्यांचं हाय. द्या बरं."

"ह्यांचं कसं?" आप्पासाहेबांनी मेडल मुठीत धरलं. "त्या पोरीनं समद्यांच्या म्होरं माझ्या गळ्यात घातलंय. दिलेला मान परत केला तर त्यान्ला काय वाटंल? रीतभात हाय का न्हाई काही!"

तेवढ्यात एक वार्ताहर कॅमेरा घेऊन धावत आला. "बाबा, वय किती तुमचं?"

"अडुसष्ट."

"कमाल आहे! आणि हे शेजारी हार घालून उभे आहेत, ते कोण?"

आप्पासाहेबांनी सुदर्शनला खांद्याला धरून जवळ ओढलं. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता.

"हे व्हय? हे आमचे जावई. लई गुणी हायत! ह्यांच्याच पायगुणानं मला मेडल भेटलं!"

सुदर्शनने कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. खोटं कुठे बोलत होते मामा!