चालणे, एक क्रेडिट

मनाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आधी चालता आलं पाहिजे, हे तत्त्व जगात फार थोड्या संस्थांना उमगलं आहे. कॅलिफोर्नियातल्या बदामांच्या मुलखातलं, चारी बाजूंनी पार्किंगने वेढलेलं आमचं कम्युनिटी कॉलेज त्यांपैकी एक. इथे दोन वर्षं स्वस्तात मानसशास्त्र शिकायचं आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, अशी उदात्त सोय आहे. अहवालानुसार हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सरासरी साडेपाच वर्षांत पूर्ण होतो. (मध्येच सोडून जाणारे यात धरलेले नाहीत, त्यांच्यामुळे सरासरी बिघडते.)

यादिरा बेनाविदेसने तो खरोखरच दोन वर्षांत संपवत आणला. सकाळी बदामाच्या कारखान्यात पोती उचलायची आणि दुपारी बसमधून उतरून दोन मैल चालत कॉलेज गाठायचं, असा तिचा दिवस. मानसशास्त्राच्या सहाही विषयांत अव्वल. टेबलामागे बिल्ला लावून बसलेल्याने काहीही सांगितलं तरी माणसं ते मुकाट्याने करतात, या विषयावरच्या तिच्या निबंधाला तर शंभरपैकी शंभर मिळाले. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा आईने ते फ्रिजवर चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं. घराण्यात इथवर पोहोचलेली ती पहिलीच होती.

मग ती सल्लागार मिस्टर हॅल्व्हरसन यांच्याकडे गेली. (प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरा मिनिटं, पैकी अकरा सल्लागारांना स्वतःचा पासवर्ड आठवण्यासाठी.) त्यांनी टेबलामागून, बिल्ला सरळ करत, तिची यादी तपासली.

"शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट राहिलंय की तुझं," ते म्हणाले. "त्याशिवाय विद्यापीठात जाता येत नाही."

पोती उचलते ते धरता येईल का, असं यादिराने विचारलं. धरता येणार नव्हतं, कारण पोत्यांपाशी हजेरीपट नसतो. शारीरिक शिक्षणात तिच्या वेळेला जमणारा विषय एकच होता: 'चालणे'. यादिराने विद्यापीठाला पत्र लिहून जागा सोडली. लिहिताना तिला रडू आलं, पण शुद्धलेखनाची एकही चूक झाली नाही.

पहिल्या सत्रात 'चालणे'च्या प्रतीक्षायादीत तिचा नंबर एकसष्टावा होता. दुसऱ्या सत्रात प्रवेश मिळाला, पण बदामांचा हंगाम आला, चार दिवस बुडाले आणि नियमाप्रमाणे ती नापास झाली. कोच लुंडक्विस्ट मनाने मऊ माणूस.

"तुझ्या चालण्यात खोट नाही गं," ते म्हणाले. "हजेरीत आहे."

रोजचे दोन मैल तिने निदर्शनास आणले. ते देखरेखीविना केलेलं चालणं होतं. त्याची जबाबदारी कॉलेज घेऊ शकत नव्हतं.

आईने निकालाचा कागद दोनदा वाचला. "चालायला मी तुला तेराव्या महिन्यात शिकवलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तर नापास झाली नव्हतीस."

तिसऱ्या सत्रात यादिरा उत्तीर्ण झाली. (दहा गुण हात नीट न हलवल्याबद्दल कापले.) विद्यापीठाने पुन्हा जागा दिली, पण या वेळी सोडलीस तर तिसऱ्यांदा विचार होणार नाही, असं बजावून. ती पहिल्याच दिवशी प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून प्रवेश कार्यालयात हजर झाली.

खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत सरकवलं. "हे आम्हाला लागत नाही. हे तुमच्या कॉलेजच्या स्वतःच्या पदविकेसाठी असतं. आमच्याकडे यायला ती पदविकाच लागत नाही."

"कधीपासून?"

"कधीच लागत नव्हती. आधी विचारायचं नाही का?"

यादिराला आपलं दीड वर्ष आठवलं, फ्रिजवरचं ते पहिलं पत्र आठवलं, आणि संताप घशाशी आला. बाईंच्या छातीवर बिल्ला होता. यादिराने संताप गिळला आणि पाकीट पुन्हा आत सरकवलं.

"असू दे, फायलीला लावून ठेवा," ती म्हणाली. "उद्या कुणी मागितलं तर? आणि एक शिक्का मारता का त्यावर?"

वाचकहो, हसा खुशाल. मागच्या खेपेला खिडकीवर तुमच्याकडे दोन झेरॉक्स मागितल्या होत्या. तुम्ही चार नेल्या होत्यात, चारही सही करून.