सहा पायांची फौज

दिगंबर सर "आमच्या लोकांत" म्हणाले की समोरच्याला वाटतं, ते भावकीबद्दल बोलतायत. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. शाळेत नव्या आलेल्या बाईंनी एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे लग्नात देण्याघेण्याची पद्धत कशी आहे? सर चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "आमच्या लोकांत बाई आधी नवऱ्याची शिंगं मोजून घेती. पाचाच्या खाली असली की नकार." बाई त्यानंतर बरेच दिवस स्टाफरूमच्या दुसऱ्या टोकाला बसत.

सरांचे लोक म्हणजे हुंबर. राहतात दोन सूर्य असलेल्या कुठल्याशा ग्रहावर. सर मात्र राहतात युसूफ वडगावात, माझ्या शेजारच्या खोलीत, एकटेच. ते विज्ञान शिकवतात, मी गणित.

हा एक खेळ आहे. टेबलावर नकाशा मांडायचा, दोघांनी आपापली फौज उभी करायची, फासे टाकायचे आणि फुटपट्टीनं मोजून प्यादी पुढे सरकवायची. सरांना तो मोबाइलवर सापडला आणि रविवारी दुपारी खेळायला मी सापडलो. माझ्याकडे पृथ्वीची फौज, म्हणजे बुद्धिबळातली प्यादी आणि काही बाटल्यांची झाकणं. सरांचे हुंबर शाडूचे, हातानं केलेले, रंगवलेले, प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

बाकीचे खेळणारे परग्रहावरचे प्राणी कसे करतात, याचा सरांना फार राग. नुसते दात आन् नखं, ते म्हणायचे. हे खातात काय? म्हातारे झाल्यावर राहतात कुठं? मेल्यावर रडतं कोण? ते ठरल्याशिवाय त्यांनी लढायचं कसं? म्हणून सरांनी आधी हुंबरांचा बाजार बसवला, पंचायत बसवली, सोयरीक ठरवली, आणि मग फौज उभी केली. एका रविवारी मी टेबल पुसून तयार बसलो, तर सर दारातूनच म्हणाले की आज खेळ नाही. मागच्या लढाईतले लोक सुतकात आहेत. मी गुपचूप झाकणं डब्यात भरली.

या फौजेचा एक नियम मात्र तिच्याच मुळावर येई. हुंबर पिल्लं घरी ठेवून लढाईला निघत नसत. पिल्लं मधे, मोठे भोवती, आणि सगळी फौज पिल्लांच्या चालीनं चालणार. मी फासे वाईट टाकूनही जिंकायचो. हा नियम काढून टाका, असं मी अनेकदा सांगून पाहिलं. सर विषय बदलायचे. तुमच्या नववीच्या पेपरचं काय झालं, विचारायचे.

दिवाळीनंतर पुण्यात अशा खेळणाऱ्यांचा मेळा होता. सरांनी हुंबर जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळले, आणि आम्ही एसटीनं गेलो. सरांसमोर एक तरुण इंजिनियर आला. पोरगा सालस होता, दर वेळी "सर" म्हणायचा. आणि नवल म्हणजे सर जिंकत आले. मधली टेकडी घेतली की खेळ संपला. फक्त पिल्लांचा एक गट नदीच्या पलीकडे अडकला होता.

त्या पोरानंच दाखवून दिलं. "सर, ती पिल्लं राहू द्या तिथंच. त्यांना गुण नाहीत. तुम्ही जिंकताय."

सर टेकडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई. मागं ठेवायची न्हाईत." आणि त्यांनी सगळी फौज नदीकडे माघारी वळवली. हरले. त्या पोरालाच बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत मी थोडा चिडलो होतो. रस्त्यानं ट्रॅक्टर येत होते, ट्रॉल्यांत भांडी, कोंबड्या आणि माणसं. आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिमेकडे निघालेल्या. सर त्यांच्याकडे बघत होते, आणि बघता बघता बोलायला लागले.

त्यांचे आईवडील दर दिवाळीनंतर असेच जायचे. सर शाळेत, म्हणून गावी नेकनूरकडे चुलतीपाशी राहायचे. एका साली धाकटी शकूही मागे ठेवली, कारण अंगावरचं पोर घेऊन तोड उरकत नाही, असं मुकादम म्हणाला होता. ऐन हंगामात शकूला ताप भरला. चुलतीनं काढे दिले, अंगारा लावला. शकू आई, आई करत राहिली, आवाज बसेपर्यंत. सर तेव्हा तिसरीत. ते तिला वाटीनं पाणी पाजत होते. निरोप पोचून आई आली तेव्हा शकूवरची मातीसुद्धा वाळली होती.

"आई त्यावर कधी बोलली न्हाई," सर म्हणाले. "मी बी न्हाई."

मी खिडकी लावून घेतली.

उन्हाळ्यात सरांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्या सरांकडे राहायला आल्या. काळा चष्मा लावून दिवसभर घरातल्या वस्तू ओळखत बसायच्या. एका दुपारी मी गेलो, तर त्यांनी टेबलावरचा एक हुंबर उचलून डोळ्यांजवळ धरला होता.

"पोळ्याचे बैल का रे? मग सहा पाय कावून?"

"चार चालायला," सर म्हणाले. "दोन पिल्लू धरायला."

हे लोक कामाला जाताना पोरं बरोबर नेतात, असंही सरांनी सांगितलं. म्हातारीनं हुंबर उलटासुलटा करून पाहिला.

"आन् वाटंत एखादं आजारी पडलं तर?"

"तर सगळे थांबतात."

"मुकादम काय म्हणत न्हाई?"

"त्यांच्यात मुकादमच न्हाई, आई."

म्हातारीनं हुंबर मांडीवर ठेवला. पंखा फिरत होता. मी उठावं की बसावं, ते मला कळेना.

"आमचा थांबू देत न्हवता रे, दिगू."

"मला म्हाईत हाय."

"तापात शकूनं माझं नाव काढलं का रे?"

सर खाली तिच्या पायांशी बसले. "न्हाई, आई," ते म्हणाले. "शांत झोपली होती."

म्हातारी मान हलवत राहिली. मग औषधाची वेळ झाली, म्हणून सरांनी तिचा चष्मा हलकेच काढला, आणि थेंब टाकायच्या आधी कापसानं तिचे दोन्ही गाल पुसून घेतले.